तळ्याभोवतीच का, ते तुम्ही विचारलंत म्हणून

"फ्रान्समध्ये राहतेस आणि त्याच एका तळ्याभोवती सायकल का चालवतेस?" हा प्रश्न मला तीन ठिकाणांहून येतो. पुण्यातले सायकलवाले मित्र विचारतात, त्यांना माझ्याकडून आल्प्सचे फोटो हवे असतात. इथल्या लिमोज शहरातले सहकारी विचारतात, कारण व्हासिव्हिएरचं तळं त्यांच्या लेखी पोरंबाळं घेऊन पोहायला जायची जागा. आणि आबा विचारतात. तिघांनाही मी आजवर "रस्ता चांगला आहे" एवढंच सांगत आले. ते खोटं नाही, पण त्याने कुणाचं समाधान झालं नाही. माझंही नाही. मी इकडे कशी आले, सायकलचं वेड कुठून लागलं हे तुम्हाला ठाऊक आहे, ते सोडते.

आधी पुणेकरांचं. "तळ्याभोवती म्हणजे सपाट, त्यात काय दम लागणार?" असं सिंहगडाचा चढ पायाखालचा असलेला माणूस विचारतो तेव्हा मला खरंच राग येतो. व्हासिव्हिएर मिलव्हाश पठारावर आहे, पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे 650 मीटर. तळं गोल नाही. बुडालेल्या प्रत्येक ओढ्याच्या जागी पाण्याचा एक फाटा आत घुसलेला आहे. त्यामुळे रस्ता दर थोड्या वेळाने उतरतो, ओढा ओलांडतो आणि लगेच वर चढतो. घाटात निदान एक लय सापडते, एक गिअर धरून माथ्यापर्यंत जाता येतं. इथे लय लागली म्हणेपर्यंत मोडते. वर या लिमुझां भागातले रस्ते खडबडीत, जाड खडी पसरून केलेले. अरुंद टायर कडक फुगवून गेलात तर मनगटं बधिर होतात. लाकडाचे ओंडके भरलेले ट्रक मागून येतात ते वेगळंच.

माझ्यावर विश्वास नसेल तर टूर द फ्रान्सवर ठेवा. एकेकट्याने घड्याळाविरुद्ध पळायची शर्यत त्यांनी इथे तीनदा घेतली: 1985, 1990 आणि 1995 मध्ये. अंतर दर वेळी 45 किलोमीटरच्या वर, म्हणजे काठाच्या छोट्या रस्त्यापेक्षा बराच मोठा वळसा. 1985 मध्ये ग्रेग लेमाँडने फ्रान्सच्या बर्नार इनोला इथे 5 सेकंदांनी मागे टाकलं. टूरचा टप्पा जिंकणारा तो पहिला अमेरिकन. 1990 मध्ये तोच लेमाँड एकूण वेळेत क्लाउदिओ कियापुचीच्या 5 सेकंद मागे होता. इथली शर्यत संपली तेव्हा एकूण वेळेत पुढे असणाऱ्याची पिवळी जर्सी त्याच्या अंगावर होती, आणि दुसऱ्या दिवशी टूर पॅरिसला संपली. 1995 ला मिगेल इंदुराइन जिंकला. सपाट तळ्याकाठी असे हिशेब फिरत नाहीत.

शिवाय हा मुलूखच सायकलचा. लिमोजहून इकडे एमुतिएला येणारी रेल्वेगाडी वाटेत सें-लेओनार-द-नोब्लाला थांबते. सायकलपटू रेमों पुलिदोर तिथे राहायचा. टूरमध्ये 8 वेळा पहिल्या तिघांत आला, पण पिवळी जर्सी एक दिवसही अंगावर चढली नाही. 2019 मध्ये तो तिथेच गेला. त्या भागातल्या म्हाताऱ्यांशी सायकलबद्दल बोलायला लागलात की दुसऱ्याच वाक्यात पुलिदोर येतो, आणि घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात.

मार्ग विचाराल तर मी दोन सांगते. एक काठाकाठाचा: पिएरफित, ऑफेल, व्होव्हे करत पुन्हा पिएरफितला. पिएरफितहून बेटावर जायला पूल आहे, बेटावर आल्दो रोस्सी आणि झाव्हिए फाब्र यांनी बांधलेलं कलाकेंद्र, दीपगृहासारखा मनोरा असलेलं. दुसरा मोठा, दिवसभराचा: एमुतिए स्टेशनवर उतरायचं, पेरा-ल-शातोवरून रोयेर, तिथून जांतिऊ, फो-ला-मोंतान्य, नेद आणि परत एमुतिए. जांतिऊला थांबा. गावातल्या पहिल्या महायुद्धाच्या स्मारकावर एक अनाथ पोरगा मूठ वळून उभा आहे, आणि खाली कोरलंय, "शापित असो युद्ध". मला दुसरा मार्ग सायकल म्हणून जास्त आवडतो. तरी जाते मात्र पहिल्यावरच, आणि तिथेच "रस्ता चांगला आहे" हे उत्तर लंगडं पडतं.

कारण ते तळं नाही, धरण आहे. 1950 च्या सुमारास विजेसाठी मोल्द नदी अडवली आणि खोरं पाण्याखाली गेलं. वाड्या, शेतं, कुरणं. हे मला पहिल्यापासून माहीत होतं. तसंच आमचं गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे हेही तुम्हाला माहीत आहे. या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायचं मी टाळत होते. आबा येईपर्यंत.

ते आले ते ऑक्टोबरात. पाणी उतरलं होतं, काठाला उघड्या मातीचा रुंद पट्टा दिसत होता. मी त्यांना ऑफेलच्या बाजूला बाकावर बसवलं, थर्मासातला चहा दिला आणि म्हटलं, "आबा, एक फेरी मारून येते, मग जेवू." मला त्यांना दाखवायचं होतं. पोरगी कसा चढ मारते, इथल्या लोकांच्या बरोबरीने कशी चालवते. परत आले तेव्हा ते बाकावर नव्हते. खाली, त्या उघड्या पट्ट्यावर, बूट चिखलात रुतवून उभे होते. पुढ्यात दगडांची एक ओळ होती, गुडघ्याएवढीही नाही. बांध असेल, गोठ्याची भिंत असेल.

मी म्हटलं, "चला, पाय घसरेल."

ते म्हणाले, "हे कुणाचं होतं?"

"माहीत नाही, आबा. जुनं आहे."

"आन् तू याच्या भोवती गंमत म्हणून फिरती?"

मी म्हटलं, हे कोयना नाही. ते म्हणाले, "पाणी कुठलं बी असूदे. खाली कुणाचं तरी चुलाण असतंय." मग मीही चिडले. म्हटलं, सायकल चालवायची तर कुठेतरी चालवणारच ना, सगळ्या जगातलं पाणी तुमच्या दुखण्याचं आहे का? हे वाक्य त्यांना लागलं. मोबाइलवर बोट फिरवत राहिले, उत्तर दिलं नाही. गाडीत लिमोजपर्यंत आम्ही बोललो नाही. घरी आल्यावर ते जेवले, आणि झोपायच्या आधी एवढंच म्हणाले की त्यांच्या आईने निघताना दाराची चौकट काढून बैलगाडीत घातली होती. ती चौकट सोलापूर जिल्ह्यात मिळालेल्या जमिनीवरच्या घराला बसली नाही. लहान पडली का मोठी, हे त्यांना आठवत नव्हतं, आणि ते आठवत नाही याचाच त्यांना जास्त त्रास होत होता.

पुढच्या उन्हाळ्यात मी आल्प्समधल्या आनसीच्या तळ्यावर गेले. तळं नैसर्गिक, हिमनदीने केलेलं, पाणी तळापर्यंत दिसेल असं. पश्चिमेच्या काठाला जुन्या रेल्वेमार्गावर केलेला सायकलरस्ता, द्वेंगजवळचा बोगदा, पूर्वेला तालवारवरून फोर्क्लाझचा घाट. घाट चढले, वरून पॅराग्लायडर उडताना पाहिले. आनंद झाला, ते का नाकारू? तिथल्या पाण्याखालीसुद्धा वस्ती आहे, हजारो वर्षांपूर्वीच्या घरांचे लाकडी खांब, युनेस्कोच्या यादीतले. पण त्यांचा कुणी वारस काठावर येऊन "हे कुणाचं होतं" विचारत नाही. मला वाटलं, सुटले.

तरी परत व्हासिव्हिएरलाच गेले. तेव्हाच्या मला वाटायचं की आबांच्या दुखण्यापासून माझी सायकल वेगळी ठेवता येईल. आज ते मला पटत नाही. पण आबांचं म्हणणं पटलंय असंही नाही. काठाच्या रस्त्याने गेलं की खोऱ्याचा आकार पायांना कळतो. इथे ओढा उतरत होता, इथे दोन ओढे मिळत होते, इथे उताराला शेत असणार. पाणी ते डोळ्यांपासून लपवतं, चढ-उतार लपवत नाहीत. कोयनेच्या शिवसागर जलाशयाला मला असं करता येत नाही. पश्चिमेला कोयना अभयारण्याचं जंगल आहे, काठाकाठाने पूर्ण फेरी मारता येत नाही. बामणोलीहून किंवा तापोळ्याहून लाँचने पाण्यावरून जायचं, खाली काय आहे ते नावाड्याने बोट दाखवून सांगायचं. मला पाण्यावरून जायचं नाही. कडेने जायचंय.

हे मी आबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "मग ते खोरं तुझं न्हवं. दुसऱ्याच्या खोऱ्यात आपलं काय शोधती?" यावर माझ्याकडे उत्तर नाही. लिमोजमधल्या एका सहकारणीची आजी इथल्याच एका बुडालेल्या वाडीतली निघाली. तिला मी हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, आजीला तळं आवडायचं, दर रविवारी पोहायला यायची. आबांना हे सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "तिला जमिनीला जमीन मिळाली असंल." इतकी वर्षं जमिनीसाठी अर्ज आणि मोर्चे केलेल्या घरातला माणूस दुसरं काय म्हणणार?

तेव्हा तुम्ही येणार असाल तर सप्टेंबरात या. 28 मिलिमीटर रुंदीचे टायर आणा, हवा थोडी कमी ठेवा. रविवारी दुपारनंतर दुकान उघडं मिळेल या भरवशावर राहू नका. पाणी संपलं तर गावाच्या कबरस्तानात नळ असतो, सगळे सायकलवाले तिथेच बाटली भरतात, फक्त पाणी पिण्याचं आहे का ती पाटी वाचा. मोठा मार्ग मी तुमच्याबरोबर करेन. काठाच्या रस्त्यावर मात्र मला पुढे जाऊ द्या, आणि तिथे फोटोसाठी थांबायला सांगू नका.