अख्खी प्लेट का बदलत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

"का ओ काका, एकेक पार्ट कशाला हुडकत बसताय? अख्खी प्लेटच बदलून टाका की." प्लेट म्हणजे आतलं सर्किट बोर्ड. जुना पिक्चर ट्यूबवाला मॉनिटर घेऊन दुकानात आलेलं गिऱ्हाईक पाच मिनिटांत इथवर येतंच. बाजारात चायना किट, म्हणजे तयार प्लेट, मिळते, चार वायरी जोडल्या की पडदा उजळतो, हे त्यालाही ठाऊक असतं. प्रश्न रास्त आहे, म्हणून एकदा नीट सांगतो.

पहिली गोष्ट, बाजारातल्या त्या किट टीव्हीच्या असतात. टीव्ही सेकंदाला १५,६२५ आडव्या रेषा काढतो. कॉम्प्युटरच्या मॉनिटरला व्हीजीए म्हणजे अगदी साध्या चित्रालाच साडेएकतीस हजारांच्या घरात रेषा लागतात. म्हणजे मॉनिटरच्या बाबतीत विषय तिथंच संपला. टीव्हीला किट बसते, पण ट्यूब, तिच्या मानेवरचं योक (किरण वळवणारी कॉइल) आणि खालची प्लेट ही तिन्ही कारखान्यात एकमेकांना जुळवलेली असतात. योकचं इंडक्टन्स बघून प्लेटवरचे कंडेन्सर ठरलेले असतात. किट बसवली की दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावल्यासारखं होतं. दिसतं, पण कडेच्या रेषा वाकतात, कोपऱ्यातली अक्षरं फिसकटतात, रुंदी भरत नाही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या ज्या कारखान्यात जेकार्डची (विणलेल्या कापडाची) नक्षी अजून जुन्या कॉम्प्युटरवर काढतात, तिथं वाकडी रेषा चालत नाही.

सोलापुरात या प्लेटचे दोन शत्रू, रुवा आणि ऊन. पॉवरलूमच्या शेडजवळ राहिलेला मॉनिटर उघडला की एलओटीवर (ट्यूबला हजारो व्होल्ट देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) आणि ट्यूबच्या रबरी टोपीभोवती सुताचा रुवा घट्ट बसलेला असतो. पावसाळ्यात तो ओल धरतो आणि पंचवीस हजार व्होल्ट त्यातून वाट काढतात. आतून चर्र आवाज येतो, निळसर ठिणगी दिसते. लोकांना वाटतं एलओटी गेली. कितीतरी वेळा कोरडा ब्रश आणि ब्लोअर एवढ्यावर भागतं.

मात्र ब्रश हातात घेण्याआधी ट्यूब डिस्चार्ज करायची. प्लग काढून ठेवला तरी ट्यूब स्वतःच मोठा कंडेन्सर आहे, चार्ज धरून बसते. ट्यूबच्या पाठीवर काळा लेप असतो आणि त्यावर उघडी वेणीची तार ताणलेली असते. स्क्रूड्रायव्हरला जोडलेली वायर त्या तारेलाच लावायची, प्लेटच्या ग्राउंडला नाही, नाहीतर तो झटका आयसीमधून जातो. हे शिकल्याशिवाय मागचं झाकण उघडू नका, हे मी कळकळीनं सांगतो.

उन्हाचं काम सावकाश चालतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे बाहेरच पारा बेचाळीसच्या वरही जातो, बंद खोक्यात हीट सिंकला (उष्णता ओढणाऱ्या धातूच्या पट्टीला) खेटून बसलेल्या कंडेन्सरचं काय होत असेल? दहा अंश तापमान वाढलं की इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. आतलं द्रव आटतं. साध्या मीटरवर मायक्रोफॅरड बरोबर दाखवतो, म्हणून मेकॅनिक त्याला सोडून पुढं जातो. कंडेन्सरचा आतला रोध मोजणारा ईएसआर मीटर लावला की खरं कळतं.

पडद्याच्या मधोमध एकच आडवी पांढरी रेघ दिसली, तर आधी ब्राइटनेस खाली करा, नाहीतर फॉस्फर जळून तो डाग कायमचा राहतो. ही रेघ म्हणजे व्हर्टिकलचं, चित्र वर-खाली पसरवणाऱ्या भागाचं, काम थांबलं. नवा आयसी आणायला धावण्याआधी मी भिंग घेऊन आयसीचे पाय बघतो. तापून-थंड होऊन पायाभोवती केसाएवढी गोल चीर पडलेली असते. जुनं सोल्डर पंपानं ओढून नवं भरलं की चित्र उघडतं. चित्र उघडलंय पण वरच्या भागात रेघा दुमडल्यासारख्या दिसतात, असं असेल तर आयसीशेजारचा छोटा कंडेन्सर, बहुधा १०० मायक्रोफॅरडचा, बदलायचा. तिथं १०५ डिग्रीवालाच घालतो, ८५ वाला नाही.

योक आणि एलओटी चालवणाऱ्या आऊटपुट ट्रान्झिस्टरचं प्रकरण वेगळं. तो शॉर्ट झाला की नवा घालून लगेच स्विच दाबणारे खूप आहेत, आणि नवाही तिथंच उडतो. ट्रान्झिस्टर का मेला हे आधी विचारायला हवं. दर रेषेच्या शेवटी त्याच्या कलेक्टरवर हजाराच्या आसपास व्होल्टचा धक्का बसतो. तो किती उंच जाईल हे शेजारचा सोळाशे किंवा दोन हजार व्होल्टचा ट्युनिंग कंडेन्सर ठरवतो. त्याची व्हॅल्यू उतरली की धक्का पंधराशेच्या पुढं जातो आणि ट्रान्झिस्टर क्षणात जातो. नाही गेला तर ईएचटी (ट्यूबला मिळणारं ते हजारो व्होल्टचं व्होल्टेज) वाढते, आणि वाढलेल्या ईएचटीबरोबर क्ष-किरणही वाढतात. म्हणून तिथं 'जवळपासची' व्हॅल्यू मी घालत नाही, असला तोच पॉलिप्रॉपिलीन, तेवढ्याच नॅनोफॅरडचा. मग लाइन सेक्शन (या ट्रान्झिस्टरचा आणि एलओटीचा भाग) सोडवून सप्लायवर शंभर वॉटचा बल्ब लावायचा, व्होल्टेज स्थिर आहे का बघायचं, आणि नंतरच ट्रान्झिस्टर जोडायचा. फ्यूजसारख्या जळणाऱ्या रेझिस्टरच्या जागी तारेचा तुकडा जोडणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. तो रेझिस्टर आग लागू नये म्हणून तिथं असतो.

याला वेळ लागतो, हे मान्य. पण देशात आता पिक्चर ट्यूब बनत नाहीत. आहेत त्या वाचवायच्या, तर त्यांना जुळलेली प्लेटच जपावी लागणार. अलीकडे जुने व्हिडिओ गेम खेळणारी पोरंही येतात. बंदुकीचा गेम एलईडीवर चालत नाही, कारण ती बंदूक ट्यूबवरच्या किरणाची वेळ ओळखते. त्यांच्या डोळ्यांत मला आनंद दिसतो आणि हुरूप येतो.

प्लेट जळून मधे कोळसा झाला असेल, तर मीही बदलतो, पण त्याच मॉडेलची दुसरी शोधून. म्हणून मॉनिटर भंगारात घालण्याआधी एकदा दाखवा. ट्यूब फिकी पडली असली तरी त्यातली एलओटी आणि योक दुसऱ्या कुणाच्या कामी येतात. आणताना पडदा आपल्या छातीकडे ठेवून उचला आणि मानेला हात लावू नका.