नरारा, ओहोटीच्या वेळी

आज नराराचं प्रवाळ पाहिलं. जामनगरकडचं हे सागरी राष्ट्रीय उद्यान, १९८२ मध्ये जाहीर झालेलं, देशातलं पहिलं. प्रवाळ बघायला डायव्हिंगच करावं लागतं असं नाही. इथे ओहोटी लागली की घोट्याएवढ्या पाण्यातून चालत आत जायचं, गाइडच्या मागोमाग. पाय वाळूवरच ठेवायचा, कारण दगडासारखं दिसणारं जिवंत प्रवाळ म्हणजे इवल्याशा प्राण्यांची वसाहत.

एका डबक्यात वाकून पाहिलं. तळहाताएवढं प्रवाळ, हिरवट-तपकिरी, अंगावर मेंदूसारख्या वळ्या. हा रंग त्याच्या आत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा. तेच सूर्यप्रकाशातून अन्न तयार करून त्याला पुरवतं. पाणी फार तापलं की ही साथ सुटते आणि प्रवाळ पांढरंफटक पडतं. तसे पांढरे तुकडेही दिसले, फार वाईट वाटलं. तेवढ्यात शेजारच्या कपारीत एक ऑक्टोपस सरकला आणि बघता बघता दगडाच्या रंगाचा झाला!

कुणीतरी शंख खिशात टाकला होता, गाइडने तो जागेवर ठेवायला लावला. अगदी बरोबर केलं. रिकाम्या शंखातही खेकडे राहायला येतात.

जाणार असाल तर भरती-ओहोटीच्या वेळा आधी बघा, वनखात्याची परवानगी काढा आणि पायात घट्ट बूट घाला.