इतिहासाच्या तासाला आलेला प्रश्न

"बाई, इतिहासात चालता न येणारं कुणीच नव्हतं काय?"

खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत आज सातवीतल्या एका मुलीनं विचारलं. कॅलिपर (आधाराचा साचा) लावलेला पाय बाकाबाहेर पसरलेला, आत तो मावतच नाही. सगळा वर्ग गप्प.

धडा बाजूला ठेवला. अपंगांच्या हक्कांसाठी लढलेल्या, व्हीलचेअरवरच्या जावेद आबिदींबद्दल सांगितलं. डिसेंबर १९९५ मध्ये अपंग माणसं दिल्लीत रस्त्यावर उतरली, त्याच महिन्यात संसदेनं अपंगांच्या हक्कांचा कायदा मंजूर केला. २००१ च्या जनगणनेत त्यांची नोंद झाली, तीही भांडूनच.

"म्हणजे त्यांनीबी मोर्चा काढला?" मागच्या बाकावरून आवाज आला. (मोर्चा म्हणजे काय, हे बेळगावकडच्या पोरांना वेगळं सांगावं लागत नाही.) प्रश्न विचारणाऱ्या मुलीनं वळून त्याच्याकडं असं बघितलं, जणू तो मोर्चा तिच्याच घरातून निघाला होता.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३९ सांगतं, दिव्यांगांचे हक्क शाळेच्या अभ्यासक्रमात असावेत. आपण मात्र ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, भाषणं करतो, फळं वाटतो आणि मोकळे होतो. मला याचा फार त्रास होतो. हा लढा आहे, दया नव्हे. तो इतिहासाच्या तासालाच शिकवायला हवा.

तुमच्या मुलांच्या शाळेत शिकवतात काय कुणी?