अलिबाग ते रत्नागिरी सायकलवर: चार खाड्या आणि काचलेल्या जांघा

किनाऱ्याच्या रस्त्याने अलिबाग ते रत्नागिरी, जानेवारीत, चार दिवस. मुक्काम दिवेआगर, हर्णै आणि गुहागर. आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड अशा चार ठिकाणी खाडी फेरीबोटीने ओलांडायची. रस्ता, जेवण, राहणं यावर लोकांनी भरपूर लिहिलंय. इथे फक्त ती एक गोष्ट, जी तिसऱ्या दिवशी धडधाकट माणसाला सायकल टेम्पोत टाकायला लावते: काचणं.

कोरडी कातडी घासणं बरंच सोसते. घामाने भिजून फुगली की मात्र सोलवटते. घाम वाळून उरलेलं मीठ तिथे बारीक पॉलिशपेपरचं काम करतं. या पट्ट्यात हवा जानेवारीतही दमट, शिवाय समुद्र सतत बाजूला. म्हणून घाटावर शंभर किलोमीटर सहज मारणाऱ्यालाही इथे त्रास होतो.

अलिबाग–मुरूड हा साधारण पन्नास किलोमीटरचा टप्पा बराचसा सपाट. तोच फसवतो, कारण बूड सीटवरून हलतच नाही. दर दहा मिनिटांनी उभं राहून पंधरा-वीस पॅडल मारा. वाटेत काशीदला पाण्यात शिरायचा मोह होतो. पॅडवाल्या शॉर्टमध्ये (बुडाखाली फोमची गादी शिवलेली सायकलची चड्डी) अजिबात शिरू नका. शिवणीत आणि फोममध्ये अडकलेली वाळू दोन बादल्या पाण्यानेही निघत नाही. साध्या चड्डीत डुंबा, गोड्या पाण्याने अंग धुवा, नीट कोरडं करा, मगच शॉर्ट चढवा. आणि पॅडच्या आत अंडरवेअर नको. संकोचापायी बरेच जण घालतात आणि तिची शिवण नेमकी जांघेत बसते.

निघण्यापूर्वी सीट तपासा. सायकल गाडीवरून आणताना सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, खाली केलेला असतो आणि परत लावताना अंदाजाने लावला जातो. घरीच पोस्टवर इन्सुलेशन टेपची पट्टी गुंडाळून खूण करा. पॅडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली की गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा. सीट उंच असेल तर कंबर डावी-उजवी डुलते आणि दोन्ही बाजू घासतात. एकाच बाजूला काचत असेल तर सीटचं नाक वाकडं झालंय का बघा. बदल एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच.

घासणं कमी करणारं सायकलिंगचं क्रीम (शॅमॉय क्रीम) लावताना कंजुषी नको. एक चहाचा चमचा पुरतो: अर्धं जांघेत आणि बूड टेकतं तिथे, अर्धं पॅडच्या कडांना. पेट्रोलियम जेली चालते, पण फक्त कातडीवर, पातळ. पॅडमध्ये मुरली की थंड पाण्याने निघत नाही. टाल्कम पावडर घामात गोळे होऊन उलट घासते.

दिघीनंतर, आणि हर्णै–दाभोळ भागात जास्तच, रस्ता प्रत्येक डोंगराची सोंड चढतो आणि पुढच्या गावात उतरतो. बसल्या बसल्या जड गिअर रेटला की माणूस सीटच्या नाकावर सरकतो, काचतं ते तिथेच. गिअर वेळेवर हलका करा. जेटीवर बोटीची वाट बघताना ओल्या शॉर्टमध्ये बाकावर बसून राहू नका, उभे राहा. क्रीम पुन्हा लावायचं तर आधी ओल्या फडक्याने मीठ पुसा, नाहीतर क्रीमबरोबर तेच चोळलं जातं.

खरी लढाई मुक्कामावर. पोचल्यावर पंधरा मिनिटांत शॉर्ट उतरली पाहिजे, चहा नंतर. सौम्य साबणाने धुवा, टॉवेलने टिपा, चोळू नका, रात्री सैल सुती कपडे. शॉर्ट धुताना साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळा, कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून त्यावर उभे राहा, मग पॅड बाहेर करून पंख्याखाली. तरी किनाऱ्यावर जाड पॅड सकाळपर्यंत वाळेलच असं नाही, म्हणून दोन नव्हे, तीन शॉर्ट न्या.

नुसतं लाल झालं, चुरचुरतंय: रात्री झिंक ऑक्साइडचं मलम, लहान बाळांच्या लंगोटाच्या पुरळावर देतात तेच. कातडी निघून ओलसर दिसतंय: साध्या पाण्याने धुवा, कोरडं करा, हायड्रोकोलॉइड पट्टी (जखमेचा ओलावा शोषणारी जेलची चिकटपट्टी) कोपरे गोल कापून लावा, टोकदार कोपरे शॉर्टला अडकून गुंडाळतात. जांघेच्या घडीत ती टिकत नाही, तिथे जेलीचा पातळ थर बरा. जंतुनाशक द्रव न पातळ करता ओतू नका, कातडी भाजते. करट आलं तर फोडू नका. कोमट पाण्याच्या फडक्याने दहा-पंधरा मिनिटं शेक, दिवसातून तीन-चारदा. ताप, पसरणारी लाली किंवा पू दिसला, किंवा मधुमेह असेल, तर थेट डॉक्टर.

एक गल्लत फार होते. गोल कडा असलेला, खाजणारा चट्टा म्हणजे काचणं नव्हे, गजकर्ण असू शकतं. मेडिकलवाल्याने दिलेल्या ट्यूबवर क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन लिहिलं असेल तर ती परत करा. स्टेरॉइडने दोन दिवस बरं वाटतं आणि बुरशी आणखी पसरते.

पाळीच्या दिवसांत सॅनिटरी पॅडच्या कडा फार घासतात. मेन्स्ट्रुअल कप वापरायचा असेल तर घरच्या राइडवर आधी सवय करा, पहिला प्रयोग इथे नको.

जखम ओलसर असेल तर गुहागरला एक दिवस जास्त थांबा. पुढे जयगडनंतर चढ आहेतच आणि गणपतीपुळ्याहून आरे-वारेचा रस्ता बघण्यासारखा असला तरी चढ-उताराचा आहे. तिथे निम्मा वेळ पॅडलवर उभं राहता आलं पाहिजे.