कशावरून?

सिन्नरच्या अभ्यासकेंद्रावर मी काही वर्षं दर रविवारी शिकवायला जात होतो. त्या वेळची एक वही परवा कपाट आवरताना हाती लागली. २००६ ची. त्यातली काही पानं इथे उतरवून काढतोय. विद्यार्थ्यांची नावं गाळली आहेत, बाकी मजकूर तसाच.

रविवार, ३ सप्टेंबर

गणपतीचे दिवस, चौकात स्पीकर चालू, तरी एकोणीस जण आले. वर्ग पाचवीचा, त्यामुळे बाकं बुटकी. मोठी माणसं गुडघे बाजूला काढून बसली होती.

मुक्त विद्यापीठाचा हा पूर्वतयारी शिक्षणक्रम आहे. ज्यांची बारावी झाली नाही, कुणाची दहावीही राहिली, त्यांना बी.ए.च्या दारापर्यंत आणायचं. १९८९ साली नाशिकला विद्यापीठ सुरू झालं ते अशांसाठीच. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद. वर्गात नजर फिरवली तर ते घर समोरच बसलेलं दिसतं: माळेगाव एमआयडीसीतले चार-पाच कामगार, दोन अंगणवाडी मदतनीस, एक वॉचमन, एक रिक्षावाले दादा, विड्या वळणाऱ्या तिघी. त्यातल्या एक ताई माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या असाव्यात. सातवीत शाळा सुटली म्हणाल्या.

पाठ्यपुस्तकातलं एक पान एकेकाला मोठ्याने वाचायला लावलं. सगळे न अडखळता वाचतात. मला बरं वाटलं. मग म्हटलं, पुस्तक मिटा आणि काय वाचलं ते सांगा. वर्ग गप्प. शेवटी रिक्षावाल्या दादांनी पहिलं वाक्य शब्दन् शब्द म्हणून दाखवलं. दुसऱ्याने दुसरं. अर्थ विचारला की सगळ्यांच्या नजरा पुन्हा मिटलेल्या पुस्तकाकडे जात होत्या.

घरी येईपर्यंत हेच डोक्यात. शाळेत यांना वाचायला शिकवलं म्हणजे पाठ करायला शिकवलं.

रविवार, १० सप्टेंबर

बहुतेकांनी पुस्तकात खुणा करून आणल्या होत्या. एका मुलाचं पान तर पेन्सिलीने वरपासून खालपर्यंत रेघांनी भरलेलं. ‘सगळंच महत्त्वाचं वाटतं, सर,’ म्हणाला. खोटं नाही त्याचं. छापलेलं आहे म्हणजे महत्त्वाचंच असणार, असं त्याला आजवर कळत आलं आहे.

म्हणून आज एकच काम दिलं. एक परिच्छेद वाचायचा, पुस्तक पालथं घालायचं आणि समासात स्वतःच्या शब्दांत एक ओळ लिहायची. घरी बायकोला सांगता तशी. जमलं नाही तर परत वाचायचं. दीड तासात चार परिच्छेद झाले. अभ्यासक्रमाच्या हिशेबाने हा वेग अगदीच कमी आहे, पण मी घाई करणार नाही.

रात्रपाळी करून आलेला एक पोरगा जांभया देत होता. ‘परंतु’, ‘तरीही’, ‘म्हणून’, ‘कारण’ अशा शब्दांभोवती गोल करा म्हटल्यावर तो एकदम जागा झाला. ‘म्हणजे परंतु आला की गाडी वळणार,’ म्हणाला. मी इतकी वर्षं शिकवतोय, इतक्या सोप्या शब्दांत मला हे कधी सांगता आलं नव्हतं. फळ्यावर त्याचंच वाक्य लिहिलं.

बुधवार, १३ सप्टेंबर

गृहपाठ तपासले. सात जणांची उत्तरं एका गाइडमधून उतरलेली. ‘परिनाम’ सातही ठिकाणी. आधी राग आला. मग जरा वेळाने वाटलं, यांना लबाडी करायची नव्हती. आपलं वाक्य कागदावर उतरवायच्या लायकीचं आहे हेच यांना पटलेलं नाही. पुस्तकातलं वाक्य शहाणं, आपलं अडाणी.

शुद्धलेखनाची भीतीही आहेच. न-ण वरून शाळेत वर्गभर हसले होते, हे तिघांनी तरी मला वेगवेगळं येऊन सांगितलं. साहित्य महामंडळाचे नियम सगळे मिळून अठरा: १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार. अठराच आहेत, शिकवता येतात. पण ते पहिल्या खर्ड्यावर नाही चालवायचे. ठरवलं, लाल पेन तिसऱ्या खर्ड्याला. आधी माणसाला काय म्हणायचंय ते कागदावर येऊ दे.

रविवार, २४ सप्टेंबर

आज फळ्यावर तीन शब्द लिहिले: असे मानले जाते. आणि विचारलं, कोण मानतं?

पाच मिनिटं कुणी बोललं नाही. वॉचमनकाका म्हणाले, ‘लोक.’ कोणते लोक? ‘मोठे लोक.’ मग हळूहळू रंगत आली. पुस्तकातली ‘असे दिसून येते’, ‘असे म्हटले जाते’, ‘हे सर्वश्रुत आहे’ अशी वाक्यं शोधून काढायची आणि प्रत्येकाला विचारायचं, कोण म्हणतं आणि कशावरून?

‘कशावरून’ हा शब्द यांना शिकवावा लागत नाही. घरी-दारी, भावकीत, ग्रामपंचायतीत तो रोज वापरतात. शेजाऱ्याने सांगितलं की बांध सरकवलाय, तर आधी विचारतील कशावरून. छापील कागदाला तेवढं विचारत नाहीत. कॉलेजातलं वाचन मला तरी या एका शब्दात दिसतं. बाकीची तंत्रं मागाहून येतात.

एका मदतनीस ताईंनी विचारलं, ‘सर, पुस्तकाला असं विचारलेलं चालतं?’ चालतं म्हटलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

रविवार, १ ऑक्टोबर

आजचा दिवस नीट लिहून ठेवायला हवा.

सारांशलेखनासाठी एक उतारा मी स्वतः लिहून नेला होता. म्हटलं, यांच्या ओळखीचा विषय असला तर अवघड भाषासुद्धा झेपेल. उतारा असा:

‘विडी वळणे हा प्रामुख्याने घरगुती उद्योग आहे. त्यास भांडवल अल्प लागते व विशेष कौशल्याचीही आवश्यकता नसते. त्यामुळे अनेक स्त्रिया फावल्या वेळात हे काम करून कुटुंबाच्या उत्पन्नास हातभार लावतात, असे मानले जाते.’

सगळे खाली मान घालून लिहू लागले. विडीवाल्या ताई तेवढ्या लिहीत नव्हत्या. पेन बाकावर, हात मांडीत. मी जवळ गेलो. म्हटलं, अडलं का काही? तर त्या म्हणाल्या, ‘अडलं नाही सर. पण हे कोण मानतं?’

वर्ग हसला नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आठवड्यापूर्वी मीच शिकवलेलं, आणि मीच लिहून बसलो होतो.

मी म्हटलं, मी लिहिलंय, ताई. तुम्हाला काय खटकलं सांगा.

त्यांनी वहीचं पान फाडलं. त्याची निमुळती पट्टी केली, बोटांत धरली आणि दोन अंगठ्यांनी अशी वळली की एक टोक बारीक, दुसरं जाड. नखाने जाड तोंड आत मोडलं. चार-पाच सेकंदांत. मग कागदाच्या पट्ट्या सगळ्यांना वाटल्या. रिक्षावाल्या दादांची पट्टी दोनदा उलगडली, माझी मध्येच फुगली. ताई बोलत होत्या: विडीचं पान आधी भिजवायचं, जास्त भिजलं तर काळं पडतं, कमी भिजलं तर वळताना फाटतं. पत्र्याचं माप ठेवून कापायचं. तंबाखू घट्ट भरली तर ओढली जात नाही, सैल भरली तर विझते. दोरा बांधायचा. पंचवीसचं बंडल. खराब निघाल्या त्या बाजूला काढतात, त्याचे पैसे नाहीत.

‘कौशल्य नाही म्हणता?’ इतकंच विचारलं त्यांनी. आवाज चढवला नाही.

आणि ‘फावला वेळ’? त्यावर दुसरी ताई बोलली. हजार विड्या व्हायला सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसावं लागतं. स्वयंपाक, पाणी, पोरं, ते सगळं मधे कोंबायचं. फावला वेळ असलाच तर तो स्वयंपाकाचा.

मजुरी हजारावर मोजतात हे मला माहीत होतं. विडी कामगारांसाठी १९६६ चा केंद्राचा वेगळा कायदा आहे हेही माहीत होतं. एवढं माहीत असून मी ‘फावल्या वेळात’ लिहिलं, कारण असल्या उताऱ्यांत तसंच लिहायची पद्धत आहे. हात आपोआप तसा चालला. गाइडमधून ‘परिनाम’ उतरवणाऱ्यांत आणि माझ्यात आज मला फार अंतर दिसलं नाही.

सारांश बाजूला ठेवला. म्हटलं, या उताऱ्याला उत्तर लिहा. एक परिच्छेद. तुम्हाला काय वाटतं आणि कशावरून.

रविवार, १५ ऑक्टोबर

ताईंचा पहिला खर्डा. नऊ ओळी. पहिल्या तीन ओळी गाइडच्या भाषेतल्या, ‘भारत हा कृषिप्रधान देश असून’ वगैरे. चौथ्या ओळीपासून त्या स्वतः बोलायला लागल्या आहेत. ‘मी पंधराव्या वर्षापासून वळते.’ मी त्या ओळीवर बोट ठेवून म्हटलं, ताई, इथून सुरू करा. वरचं काढा. त्यांना पटेना. वरचंच तर चांगलं आहे म्हणे, ते काढून कसं चालेल? बराच वेळ गेला. शेवटी त्यांनी दोन्ही तऱ्हांनी मैत्रिणीला वाचून दाखवलं, आणि मैत्रीण म्हणाली, चौथ्या ओळीपासून तू बोलतेस.

‘विडी’ मात्र सगळीकडे बरोबर. पहिली ऱ्हस्व, दुसरी दीर्घ. मग तोच नियम वर्गाला त्यांच्याच कागदावरून सांगितला: मराठी शब्दाचा शेवटचा इकार दीर्घ, आणि तो दीर्घ म्हणून आधीचा ऱ्हस्व. विडी, विळी, चिठ्ठी. नियम ओळखीच्या शब्दात सापडला की भीती निम्मी होते.

रात्रपाळीचा पोरगा दोन रविवार नव्हता. कारखान्यात रविवारी जादा पाळी लावतात, आणि अभ्यासाला जायचंय म्हटलं तर सुपरवायझर म्हणतो, मग तिकडेच नोकरी बघ. आज तो डबा घेऊन थेट पाळीवरून आला होता. बुडलेल्या दोन्ही तासांचे परिच्छेद बसमध्ये वाचून समासात ओळी लिहिलेल्या. अक्षर खड्ड्यांनी हललेलं. प्रत्येक ‘परंतु’ला गोल. मला भरून आलं, पण तसं दाखवलं नाही. फक्त म्हटलं, पुढचं पान काढ.

रविवार, ५ नोव्हेंबर

दिवाळीनंतरचा पहिला तास. चौदा जण. घरून चिवडा-लाडू आणले होते, सुरुवातीचा अर्धा तास त्यातच गेला आणि तो मी जाऊ दिला.

ताईंनी तिसरा खर्डा वाचला. उभं राहून, कागद दोन्ही हातांत. ‘विडी वळणे हे फावल्या वेळाचे काम नाही. हे दिवसभराचे काम आहे.’ एवढं वाचून थांबल्या आणि वर पाहिलं.

मी काही बोलायच्या आत मागून रात्रपाळीचा पोरगा म्हणाला, ‘कशावरून?’

त्यांना ते अपेक्षित होतं. पिशवीतून कामाचं पुस्तक काढलं. कारखान्यात माल जमा केला की त्यात नोंद होते. कोपरे मऊ पडलेले, पानांना तंबाखूचा वास. त्यांनी सप्टेंबरच्या नोंदींची बेरीज केली होती आणि ती परिच्छेदात घातली होती: ‘सप्टेंबर महिन्यात मी २२ दिवस बसले. १८,४०० विड्या झाल्या. म्हणजे रोजच्या आठशेच्या वर. मी तेव्हा घड्याळ लावून पाहिले नव्हते, म्हणून मागच्या आठवड्यात पाहिले. शंभर विड्यांना सव्वा तासाच्या आसपास लागतो, कारण मधे उठावे लागते.’

रिक्षावाल्या दादांनी बाकावर बोटाने हिशेब मांडला. आठशेला दहा तास. ‘बरोबर आहे,’ म्हणाले.

मी फळ्यावर माझा जुना उतारा लिहिला. ‘फावल्या वेळात’ खोडलं. ‘विशेष कौशल्याचीही आवश्यकता नसते’ खोडलं. ‘असे मानले जाते’ खोडलं. तिथे काय लिहायचं ते वर्गाने सांगायचं होतं. वाद चालू असताना वॉचमनकाका म्हणाले, ‘पण ताई, हा एकच महिना. त्यात गौरी-गणपती होते. बाकीचे महिने असेच असतील कशावरून?’

ताई पुस्तक चाळत राहिल्या. मग ते मिटून पिशवीत ठेवलं.

‘जुनी पुस्तकं घरी ट्रंकेत आहेत,’ म्हणाल्या. ‘पुढच्या रविवारी आणते.’