हिरवा दगड कुठाय, सर?

बेळगावात भूशास्त्र शिकवतोय त्याला बरीच वर्षं झाली, पण रामदुर्गची ती सहल अजून डोक्यातून जात नाही.

पहाटे निघालो, यरगट्टीला चहा घेतला आणि ऊन चढायच्या आत मलप्रभेच्या खोऱ्यातल्या उघड्या खडकापाशी पोचलो. खाली कलादगी नावाच्या जुन्या खडकसमूहातल्या बागलकोट गटाचे थर, दुमडून चांगलेच कललेले. त्यांच्या डोक्यावर बदामी गटाचा तांबूस वालुकाश्म, जवळजवळ आडवा. खानापूरकडची एक विद्यार्थिनी गुडघ्यावर बसली, भिंग लावलं आणि वरच्या थराच्या अगदी तळाशी रुतलेला गोटा दाखवला. खालच्याच क्वार्टझाइटचा, म्हणजे घट्ट झालेल्या वालुकाश्माचा, कडा झिजून गोल झालेला. म्हणजे आधी घड्या पडल्या, मग त्या झिजून सपाट झाल्या, आणि त्यानंतर वर वाळू बसली. तळहाताएवढ्या जागेत केवढा काळ!

मी नेहमीप्रमाणे सुरू केलं. दोन भूखंड भिडले की थर असे दुमडतात. लडाखमध्ये सिंधूकाठी भारत आणि आशिया यांच्यामधला टेथिस समुद्र सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी मिटला, त्याची शिवण आजही दिसते. निम्मूजवळ तर जांभळे-तांबडे थर पुस्तकाच्या पानांसारखे उभे आहेत.

ती म्हणाली, "सर, शिवण असली तर मिटलेल्या समुद्राचा तळ सापडायला पायजे की. हिरवा दगड कुठाय इथं?"

मी गप्प झालो. लडाखच्या शिवणीत सागरतळाचे तुकडे चिमटीत धरल्यासारखे अडकलेत: हिरवा सर्पेंटिनाइट, उशांसारखे लाव्हाचे गोळे, सूक्ष्म जिवांच्या सांगाड्यांचा कठीण दगड, चर्ट. बागलकोटच्या थरांत तसलं काही नाही. थरांची चळत स्वतःच्याच वजनानं उतारावरून, खालच्या मऊ थरावर घसरली तरी घड्या पडतात, आणि काही अभ्यासक इथल्या घड्यांचं कारण तेच देतात. मी ते वाचलेलं होतं. फळ्यावर टक्करीचं चित्र काढणं सोपं, म्हणून वर्षानुवर्षं तेवढंच सांगत आलो. याचं फार वाईट वाटलं.

मग तिथंच सगळ्यांना पुन्हा कामाला लावलं. ब्रंटन (भूशास्त्रज्ञांचं होकायंत्र) धरून प्रत्येक घडीचा अक्ष कुठे झुकतो ते मोजलं, मऊ थर शोधले. दुपारचे डबे संध्याकाळी उघडले.

परत आल्यावर जुन्या बॅचच्या मुलांना ग्रुपवर लिहिलं: वहीत रामदुर्गच्या पानावर 'भूखंडांची टक्कर' लिहिलं असेल, ते खोडा. चूक माझी आहे. पुढच्या सहलीला या, परत बघू.