बसवलेला सैलपणा

सुरुवातीच्या जॅझवर आधुनिक नृत्य बसवायचे म्हटले की बरेच रचनाकार चार्ल्सटन या त्या काळच्या नाचातल्या उड्या, झालरीचे झगे आणि १९२०च्या दशकातला पार्टीचा माहोल यांच्या आहारी जातात आणि मूळ संगीत बिचारे मागे राहते. अमेरिकी नृत्यरचनाकार ट्वायला थार्प यांची १९७१ची ‘एट जेली रोल्स’ ही रचना मला पुन्हा पुन्हा पाहावीशी वाटते, कारण तिथे असे होत नाही.

तोपर्यंत थार्प यांची बहुतेक नृत्ये संगीताविनाच होत असत. या रचनेसाठी त्यांनी जॅझ पियानोवादक व रचनाकार जेली रोल मॉर्टन आणि त्यांच्या ‘रेड हॉट पेपर्स’ या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रिका निवडल्या. १९२६मध्ये शिकागोत सुरू झालेल्या या मुद्रणांत एकेक तुकडा जेमतेम तीन मिनिटांचा, म्हणजे जुन्या तबकडीच्या एका बाजूवर मावेल एवढाच आहे. पण त्यात मॉर्टन काय काय घडवतात! मध्येच सगळा ताफा थांबतो, दोन बार, म्हणजे आठ मात्रा, एकटी क्लॅरिनेट किंवा ट्रंपेटसारखी कॉर्नेट बोलून घेते आणि पुन्हा सगळे एकदम आत येतात. या जागेला ‘ब्रेक’ म्हणतात. तिहाईबरोबर समेची वाट पाहणाऱ्या आपल्या कानांना ही ओढ परकी वाटत नाही. ऐकताना हे सारे आयत्या वेळी सुचल्यासारखे भासते, पण ब्रेक कुठे आणि कोणाचा, हे मॉर्टन तालमीतच पक्के करून घेत.

थार्प यांनी नेमके हेच उचलले, असे माझे मत आहे. काळ्या, पाठ उघडी टाकणाऱ्या टक्सिडोतल्या नर्तकींचे खांदे सैल पडतात, कंबर मध्येच खचते, बॅलेच्या शिस्तीतला ताठ कणा क्षणात ढिला होतो आणि नजर भलतीकडेच भरकटते. तरीही पावले कुठेही अंदाजाने पडत नाहीत. स्वतः थार्प यांचे मद्यधुंद माणसाची नक्कल करणारे एकल नृत्य तर या रचनेचा गाभाच आहे. गुडघे दुमडतात, तोल जातो, देह कसाबसा सावरतो, आणि हे सगळे ठेक्याच्या इतक्या लगत घडते की ठेका रक्तात भिनल्याशिवाय असे कोसळणे कोणालाही जमणार नाही. बॅले, टॅप आणि पॉल टेलर यांच्या नृत्यसंस्थेतला अनुभव त्यामागे उभा आहे.

त्याच वर्षीच्या ‘द बिक्स पीसेस’मध्ये बिक्स बायडरबेक यांचे कॉर्नेट आहे आणि नृत्य कसे रचले गेले याचे निवेदनही आहे. ते निवेदन मला किंचित मास्तरकीचे वाटते. फॅट्स वॉलर यांच्या संगीतावरची १९७५ची ‘सूज लेग’ मात्र चौघा नर्तकांची, मोकळी आणि चटकन आवडणारी रचना आहे, त्यामुळे या वाटेला नव्याने जाणाऱ्यांनी आधी ती पाहावी आणि मगच मॉर्टनकडे वळावे.